‘तुला सायकल चालवता येते का?’ : संधिवात असलेल्या मुलांसाठी स्वीडिश प्रश्नावली तयार करताना

गुडघा सुजलेल्या आठ वर्षांच्या मुलीला मी विचारलं, “कान दू सिक्ला?” तुला सायकल चालवता येते का? तिने ठसक्यात “हो” म्हटलं. शेजारी बसलेली आई चमकली. “अगं, महिनाभर सायकलला हात तरी लावलायस का?” मुलगी म्हणाली, “पण मला येते की!”

दोघींचं बरोबर होतं, चूक प्रश्नाची होती. स्वीडिशमधल्या ‘कान’ या क्रियापदात ‘शिकलेलं असणं’ आणि ‘आत्ता जमणं’ हे दोन्ही अर्थ आहेत. मराठीतल्या ‘येतं’मध्येही तीच गफलत होते. फरक इतकाच की आपल्याकडे ‘जमतं’ आणि ‘झेपतं’ लगेच हाताशी असतात. त्या दिवशी माझ्या कागदावर शून्य पडलं, म्हणजे ‘काहीही त्रास नाही’, आणि गुडघा मात्र डोळ्यांसमोर टम्म फुगलेला.

स्वीडनमध्ये फिजिओथेरपी, नर्सिंग, बालरोग किंवा मानसशास्त्राच्या कामाला आलेल्या आणि ‘ही प्रश्नावली जरा स्वीडिशमध्ये करून तपासून घ्या’ असं काम गळ्यात पडलेल्या मराठी मंडळींसाठी हा लेख आहे. ‘जरा’ या शब्दावर जाऊ नका. नीट करायचं तर दीड-दोन वर्षं धरून चाला.

आधी आजार

मुलांच्या या संधिवाताला डॉक्टर ‘जुव्हेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस’ म्हणतात. सोळाव्या वाढदिवसाआधी सुरू झालेला, किमान सहा आठवडे टिकलेला आणि कारण न सापडलेला सांधेदाह म्हणजे हा आजार. त्याचे सात प्रकार मानतात. कुणाचा एकच गुडघा धरतो, कुणाची बोटं, मनगटं, जबडा सगळंच, तर कुणाला तापासोबत अंगावर पुरळ येतं. प्रश्नावली तपासताना हे सगळे प्रकार तुमच्या मुलांमध्ये असायला हवेत. फक्त एका गुडघ्याची मुलं जमवली तर हाताबद्दलचे प्रश्न चालतात की नाही हे कधीच कळणार नाही.

आकड्यांचा अंदाजही आधीच घ्या. नॉर्डिक देशांच्या पाहणीत दर वर्षी दर लाख मुलांमागे साधारण १५ नवे रुग्ण आढळले. स्वीडनमध्ये सोळाखालची मुलं वीस लाखांच्या आसपास, म्हणजे देशभरात वर्षाला तीनेकशे नवी मुलं. ती स्टॉकहोम, गोटेबर्ग, लुंड, उप्साला, उमेओ अशी विखुरलेली. एका रुग्णालयात बसून शंभर मुलं जमवायची म्हटलं तर तुमची शिष्यवृत्ती आधी संपेल. पहिल्या महिन्यातच दुसऱ्या दोन केंद्रांना फोन करा.

हे काम आधीच झालंय का?

नवखा माणूस हमखास इथेच घसरतो. उत्साहात भाषांतर सुरू करतो आणि सहा महिन्यांनी कळतं की स्वीडिश आवृत्ती कधीचीच तयार आहे.

या क्षेत्रातली सगळ्यात जुनी आणि जास्त वापरली गेलेली प्रश्नावली म्हणजे ‘चाइल्डहूड हेल्थ असेसमेंट क्वेश्चनेअर’, सगळे ‘सीहॅक’ म्हणतात. प्रौढांच्या स्टॅनफर्ड प्रश्नावलीवरून अमेरिकेत ती बेतली आणि तिचा मूळ लेख १९९४ साली छापून आला. गंमत अशी की बोएल अँडरसन येरे आणि सहकाऱ्यांनी तिची स्वीडिश आवृत्ती तपासून १९९३ सालीच प्रसिद्ध केली होती. मुलाच्या बारशाआधी नातवाचं बारसं! पुढे २००१ मध्ये ‘प्रिंटो’ या आंतरराष्ट्रीय जाळ्याने ३२ देशांत तीच प्रश्नावली एकाच पद्धतीने रुजवली, त्यात स्वीडन होतंच. प्रिंटोचं मुख्य ठाणं इटलीत, जेनोव्हाच्या गास्लिनी बालरुग्णालयात.

त्यानंतर आलेली ‘जामार’ ही बहुअंगी प्रश्नावली. तिच्यात हालचाल, वेदना, सकाळचा आखडलेपणा, औषधांचे दुष्परिणाम, शाळा, जगण्याचा दर्जा असं सगळं एकत्र आहे. तिचीही स्वीडिश आवृत्ती आहे. ‘डिसअबकिड्स’ हा युरोपीय प्रकल्प दीर्घ आजार असलेल्या मुलांच्या जगण्याच्या दर्जाचा. त्यात संधिवाताचा वेगळा भाग आहे आणि प्रकल्पाच्या सात देशांत स्वीडन होतं.

मग तुमच्यासाठी काय उरतं? बरंच. थकव्याची, झोपेची, जबड्याच्या दुखण्याची, शाळेतल्या खेळाच्या तासाची प्रश्नावली. किंवा जुन्या कागदी आवृत्तीची मोबाइलवरची आवृत्ती. किंवा जुनं भाषांतर आजच्या मुलांना कळतं का, हा प्रश्न. पण निवड कराल ती शोधून झाल्यावरच. पुढची उदाहरणं मी मुद्दाम सीहॅकची घेतली आहेत, कारण ती सगळ्यांना माहीत असते आणि तिच्यात अडचणी ठासून भरल्या आहेत.

परवानगी दोन ठिकाणची

एक, प्रश्नावलीच्या मालकाची. ‘इंटरनेटवर मिळाली’ म्हणजे परवानगी मिळाली असं नव्हे. ईमेलमध्ये तीन गोष्टी स्पष्ट विचारा: भाषांतर करू का, शब्द बदलायची मुभा किती, आणि तयार आवृत्तीवर हक्क कुणाचा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लेखी आल्याशिवाय कामाला हात लावू नका.

दोन, नैतिक परवानगी. २०१९ पासून स्वीडनमध्ये यासाठी एकच राष्ट्रीय प्राधिकरण आहे. मुलांच्या बाबतीत कायदा नीट समजून घ्या. पंधरा पूर्ण झालेलं मूल संशोधन म्हणजे काय ते समजू शकत असेल, तर संमती त्याची स्वतःची लागते. पंधराखालच्या मुलासाठी पालकांची संमती, आणि ताबा दोघांकडे असेल तर दोघांचीही. विभक्त आईबापांची मुलं इथे भरपूर, त्यामुळे दुसरी सही मिळवण्यात आठवडे जातात. संमतीपत्रावर सहीच्या दोन ओळी पहिल्यापासून ठेवा आणि दुसऱ्या पालकाला पाठवायचं पाकीटही तयार ठेवा.

आणखी एक, मला फार आवडलेली गोष्ट. आईबापांनी सही केली तरी काय चाललंय हे कळण्याच्या वयाचं मूल ‘नको’ म्हणालं, तर थांबायचं. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार २०२० पासून स्वीडनमध्ये थेट कायदाच आहे. आपल्याकडचं ‘अरे, काकू विचारतायत ना, सांग पटकन’ इथे चालत नाही.

भाषांतर आणि उलट भाषांतर

ठरलेली रीत अशी. दोन जण स्वतंत्रपणे स्वीडिशमध्ये भाषांतर करतात. दोघांची मातृभाषा स्वीडिश, पण एकाला संधिवाताची माहिती असते आणि दुसऱ्याला मुळीच नसते. दुसरा माणूस महत्त्वाचा, कारण तो रुग्णालयाची भाषा लिहीत नाही. मग दोन्ही एकत्र करून एक मसुदा. मग मूळ प्रश्नावली न पाहिलेले दोघे जण तो मसुदा परत इंग्रजीत नेतात. शेवटी सगळे कागद समितीपुढे. प्रत्येक टप्प्यावर काय बदललं आणि का, याची वही ठेवा. वही म्हणजे खरीच वही, किंवा एकच फाइल. ईमेलांच्या ढिगाऱ्यात शोधू म्हणाल तर पस्तावाल.

आता माझं मत. उलट भाषांतर हा या साऱ्या प्रक्रियेतला सर्वांत फसवा भाग आहे. स्वीडिश लोकांचं इंग्रजी इतकं चांगलं असतं की बेंगरूळ स्वीडिश वाक्याखालचं इंग्रजी त्यांना आपोआप दिसतं. परत येणारं इंग्रजी मूळाशी तंतोतंत जुळतं, सगळे खूश होतात, आणि वाक्य मात्र कुठलंही स्वीडिश मूल बोलणार नाही असंच राहतं.

दाराच्या मुठीचंच घ्या. सीहॅकमध्ये एक प्रश्न आहे की, गोल मूठ फिरवून दार ढकलून उघडता येतं का? ‘गोल मूठ’ला स्वीडिश शब्द आहे. तो परत इंग्रजीत गेला की बरोबर मूळ शब्द मिळतो, शंभर टक्के जुळणी. पण स्वीडनमधल्या घराघरांत आणि शाळांत दाराला खाली दाबायचा आडवा दांडा असतो. तो कोपरानेही दाबता येतो! मूठ फिरवताना मनगट आणि पकड यांची जी परीक्षा होते, ती दांड्याने होतच नाही. नळाचंही तसंच. पिळून बंद करायचे दोन नळ आता जुन्या घरांतच सापडतात, बाकी सगळीकडे एका बोटाने उचलायची दांडी. आणि टबमध्ये उतरण्याचा प्रश्न शॉवर असलेल्या फ्लॅटमधल्या मुलाने कसा सोडवायचा?

समिती : प्रश्न कशासाठी विचारलाय?

समितीत बालसंधिवाततज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, भाषांतर करणारे सगळे, पद्धतीशास्त्र जाणणारं कुणी, एक पालक आणि आजार जगलेला एखादा तरुण, एवढे असावेतच. ‘उंगा रेउमातिकेर’ ही तरुण संधिवात रुग्णांची संघटना आहे, तिथून माणसं मिळू शकतात. पालकाला आणि तरुणाला शेवटी ‘तुमचं काय मत?’ विचारू नका, पहिलं बोलायला त्यांना द्या. प्राध्यापक एकदा बोलले की बाकीचे माना डोलावतात. हे स्वीडनमध्येही होतं, फक्त आवाज न चढवता.

प्रत्येक अडलेल्या प्रश्नापाशी एकच गोष्ट विचारायची. ही कृती इथे कशाची खूण म्हणून आली आहे? मूठ ही मनगट पिळण्याची खूण असेल, तर किल्ली फिरवणं किंवा घट्ट झाकण पिळणं जास्त जवळचं. पण बदल जितका मोठा, तितकी इतर देशांशी तुलना कच्ची. म्हणून मूळ कर्त्यांना कळवून, शक्य तितका छोटा बदल करावा. आपल्याकडे हाच विचार उलट बाजूने करावा लागतो. मांडी घालून बसणं आणि उकिडवं बसणं विचारलं नाही तर गावाकडच्या माणसाचं निम्मं अपंगत्व कागदावर येतच नाही. स्वीडनमध्ये त्याची जागा घेतं ते हिवाळ्यातलं कपडे चढवणं. लोकरीचा थर, त्यावर जाडजूड ओव्हरऑल, बूट, हातमोजे. बोटं सुजलेल्या मुलाची कसोटी शर्टाच्या बटणांपेक्षा तिथे जास्त लागते. बुटांच्या नाड्यांचं तर विचारूच नका, लहान मुलांचे बूट बहुतेक चिकटपट्टीचेच.

मुलांशी बोलणं : वेळ इथे घालवा

सगळ्या कामातला एक टप्पा निवडून त्यावर पैसे आणि वेळ उधळायचा असेल तर तो हाच. मसुदा मुलांपुढे ठेवायचा, प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देताना मोठ्याने विचार करायला सांगायचं, मग ‘हे तुझ्या शब्दांत सांग बरं’ असं खोदून विचारायचं. मार्गदर्शक सूचनांमध्ये संख्या वेगवेगळी आहे. कुठे पाच ते आठ जण, कुठे तीस ते चाळीस. प्रिंटोच्या पद्धतीत वीस पालकांना विचारून निदान ८० टक्क्यांना प्रश्न समजला तर तो पास. माझा सल्ला असा की फेऱ्या करा. सहा मुलं, दुरुस्ती, पुन्हा सहा मुलं. सात-आठ वर्षांची, नऊ ते बारा आणि त्यापुढची, तिन्ही वयं प्रत्येक फेरीत हवीत.

या फेऱ्यांत काय सापडतं, त्याची थोडी चव देतो.

‘कान’चं वर आलंच. त्याऐवजी ‘क्लारार दू’, म्हणजे तुला निभावतं का, जमतं का, हे मुलांना बरोबर समजतं. पण आणखी एक मोहक शब्द वाटेत येतो, ‘ऑर्कार’. मुलं तो दिवसातून पन्नासदा वापरतात, म्हणून प्रश्नात घालावासा वाटतो. ‘ऑर्कार’ म्हणजे झेपणं, अंगात त्राण असणं. जिना चढायला ‘ऑर्कार’ नाही म्हणणाऱ्या मुलाचा गुडघा ठणठणीत असू शकतो, थकलेलं ते स्वतः असतं. सांध्याचं मोजायला गेलात आणि थकवा मोजून आलात असं होतं. थकव्याची प्रश्नावली असेल तर मात्र याच्याइतका चांगला शब्द नाही.

‘कान इंते’ आणि ‘फोर इंते’ यांतही जपा. पहिलं म्हणजे जमत नाही, दुसरं म्हणजे परवानगी नाही. आई ट्रॅम्पोलिनवर जाऊ देत नाही म्हणून ‘जमत नाही’वर खूण करणारी मुलं मला भेटली आहेत. आईची भीती आणि मुलाचा घोटा या दोन वेगळ्या गोष्टी.

वेदनेसाठी स्वीडिशमध्ये तीन शब्द सतत भेटतात. ‘ऊन्त’ हा घरातला, सगळ्यांचा. ‘व्हेर्क’ म्हणजे ठणका, आतून रेंगाळणारं दुखणं. ‘स्मेर्ता’ हा डॉक्टरांचा आणि पुस्तकांचा, आपल्या ‘वेदना’सारखा. लहान मुलाला ‘स्मेर्ता’ विचारलं की त्याला रक्त, पडणं, टाके असं काहीतरी भयंकर आठवतं आणि ते ‘नाही’ म्हणतं. रोज सकाळी पाय ‘ऊन्त’ होत असतो, तो त्या शब्दात बसतच नाही. मराठीत दुखणं, ठणकणं, कळ, सल हे वेगवेगळे असतात हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं, त्यामुळे इथे आपला कान उलट जास्त तयार असतो असा माझा अनुभव आहे. परक्या भाषेत काम करतोय म्हणून न्यूनगंड बाळगू नका. स्वीडिश सहकाऱ्यांना ज्या शब्दाबद्दल शंकाही येत नाही, तिथे तुम्ही अडखळता, आणि ते अडखळणंच उपयोगी पडतं.

काळाचा प्रश्न वेगळाच. प्रश्नावल्या ‘गेल्या आठवड्यात’ असं विचारतात. स्वीडिशमध्ये सैलपणे ‘ई वेक्कान’ लिहिलं तर चालू आठवडा असाही अर्थ होतो. ‘दे सेनास्ते शू दागार्ना’, गेले सात दिवस, हे निःसंदिग्ध. पण सात वर्षांच्या मुलाला सात दिवस म्हणजे काय ते तरी कळतं का? मुलाखतीत मी शनिवारच्या गोळ्या-चॉकलेटांपासून मोजायला सांगतो. शनिवारी मिठाई ही इथल्या बहुतेक घरांतली पक्की रीत, त्यामुळे ‘मागच्या शनिवारी गोळ्या खाल्ल्यास ना, तेव्हापासून’ म्हटलं की मुलाला खुंटी सापडते. ही युक्ती मुलाखतीपुरतीच, छापील प्रश्नात नको.

उत्तरांच्या पर्यायांत ‘गान्स्का’ टाळा. कुणाला तो ‘बऱ्यापैकी’ वाटतो, कुणाला ‘जरासा’. आणि सगळी मुलाखत रेकॉर्ड करा, शक्यतो चित्रासह. उत्तर स्वीडनमधले लोक ‘हो’ म्हणताना पुष्कळदा नुसता ओठांतून झटकन श्वास आत ओढतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मुलाला दम लागला की काय असं वाटून पाणी द्यायला उठलो होतो. नुसत्या ध्वनिमुद्रणावरून टंकन करणारा ते ‘हो’ हमखास गाळतो.

‘लागू नाही’ची फट

चार वर्षांचं मूल स्वतःची नखं कापत नाही, ते वयामुळे. सीहॅकमध्ये अशा जागी ‘लागू नाही’ असा पर्याय असतो आणि फक्त आजारामुळे येणारी अडचण नोंदवायची असते. पालक ही सूचना वाचत नाहीत. ती पहिल्या पानावर ठळक करा आणि लहान मुलांच्या पालकांच्या मुलाखतीत हे मुद्दाम तपासा, नाहीतर लहान मुलं मोठ्यांपेक्षा जास्त आजारी दिसतील.

कागद

वेदनेची रेघ दहा सेंटिमीटरची असेल तर ती छापूनही दहाचीच राहिली पाहिजे. माझ्या एका अभ्यासात कुणीतरी ‘पानात बसवा’ हा पर्याय निवडून छापलं आणि चाळीस प्रती साडेनऊ सेंटिमीटरच्या निघाल्या. प्रत्येक गठ्ठ्यातली एक प्रत पट्टीने मोजा. जामारमध्ये रेघेऐवजी शून्य ते दहामध्ये अर्ध्या-अर्ध्याने वाढणारी २१ वर्तुळं आहेत, हा ताप तिथे नाही. फोनवरच्या आवृत्तीत रेघेची लांबी पडद्यानुसार बदलते, म्हणून कागद आणि फोन यांची उत्तरं जुळतात का हे वेगळं तपासावं लागतं.

मुलं जमवणं आणि दुसऱ्यांदा विचारणं

ओपीडीत येणारं प्रत्येक पात्र मूल ओळीने घ्या. ‘ही बोलकी आहे, हिला घेऊ’ असं नको. ढोबळ नियम असा की अंतर्गत सुसंगतीसाठी, म्हणजे प्रश्न एकमेकांशी जुळतात का हे पाहायला, निदान १०० मुलं, पुनर्चाचणीसाठी निदान ५०. घटक विश्लेषण, म्हणजे कुठले प्रश्न मिळून एकच गोष्ट मोजतात याचा शोध, करायचं तर प्रश्नांच्या सातपट आणि शंभराहून कमी नाही.

पुनर्चाचणी म्हणजे मूल तसंच असताना तीच उत्तरं येतात का ते पाहणं. सहसा एक-दोन आठवड्यांनी करतात. मी दोनच म्हणेन, आणि कारण पुस्तकी नाही. विभक्त पालकांची पुष्कळ मुलं एक आठवडा आईकडे, एक आठवडा बाबांकडे राहतात. सातव्या दिवशी फॉर्म पाठवलात की तो दुसराच पालक भरतो, आणि आकडा हलतो तो आजारामुळे नव्हे. चौदाव्या दिवशी मूल पुन्हा पहिल्या घरी असतं. फॉर्मवर ‘कोण भरतंय’ हा रकाना तरीही ठेवा.

त्या भेटीत सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं गेलं असेल तर ते मूल पुनर्चाचणीतून वगळा. दोन आठवड्यांत गुडघा उतरलेला असतो, ते ‘तसंच’ राहिलेलं नाही. दुसऱ्या फॉर्मवर ‘मागच्या वेळेपेक्षा बरं, तसंच, की वाईट’ हा एक प्रश्न जोडा. मध्ये फेब्रुवारी-मार्चची क्रीडासुट्टी येत नाही ना ते पाहा. एका आठवड्यात वर्ग आणि दुसऱ्यात बर्फावर स्की, मग हालचालीची उत्तरं कशी जुळणार? सायकलचा प्रश्नही उमेओच्या जानेवारीत वेगळा आणि लुंडच्या मेमध्ये वेगळा.

स्वीडिश न वाचणारे पालक वगळले जातात, आणि ते थोडे नाहीत. अरबी किंवा सोमाली बोलणाऱ्या घरातलं मूल स्वतः स्वीडिश शाळेत शिकत असतं, त्याचा फॉर्म ते छान भरतं. पालकाचा फॉर्म नाही म्हणून मुलालाही गाळू नका. किती जण का वगळले, हे मोजून लिहा.

आकडे

संख्याशास्त्रज्ञ सुरुवातीपासून सोबत घ्या. पण काय बघायचं ते स्वतःला कळलं पाहिजे.

अंतर्गत सुसंगतीचा आकडा, क्रोनबाख अल्फा, ०.७० ते ०.९५ मध्ये असावा. ०.९५ च्या वर गेला तर पेढे वाटू नका, बहुधा एकच गोष्ट चार वेळा विचारली आहे. पुनर्चाचणीचा आयसीसी, म्हणजे दोन वेळच्या उत्तरांच्या जुळणीचा आकडा, निदान ०.७०. वैधतेसाठी, म्हणजे जे मोजायचं तेच मोजलं जातंय का हे पाहायला, आकडेमोड करण्याआधी अपेक्षा लिहून ठेवा. उदाहरणार्थ, वेदना आणि सुजलेल्या सांध्यांची संख्या यांच्याशी गुण मध्यम जुळतील, अनेक सांध्यांच्या मुलांचे गुण एक-दोन सांधे धरलेल्यांपेक्षा जास्त असतील. निदान ७५ टक्के अपेक्षा खऱ्या ठरायला हव्यात. नंतर लिहिलेली अपेक्षा म्हणजे निकाल लागल्यावर लावलेली पैज.

सीहॅकचे गुण कसे निघतात ते एकदा हाताने करून पाहा. ३० प्रश्न, आठ गट. प्रत्येक गटातलं सगळ्यात वाईट उत्तर घ्यायचं, शून्य ते तीन. आठांची सरासरी. म्हणजे एक गट एका पायरीने हलला की एकूण गुण हलतो १/८, म्हणजे ०.१२५. आता, २००१ च्या एका अभ्यासात पालकांना जाणवणारी किमान सुधारणा ०.१३ निघाली होती. म्हणजे पट्टीवरची सर्वांत लहान रेघच! आता मापनातल्या चुकीचा हिशेब त्याच्या शेजारी मांडा. समजा तुमच्या मुलांत प्रमाण विचलन, म्हणजे गुणांचा फैलाव, ०.६ आणि आयसीसी ०.८५, जो चांगलाच म्हणायचा. मापनाची प्रमाण चूक येते ०.२३, आणि एका मुलातला बदल खरा मानायला लागणारा किमान फरक ०.६४. म्हणजे गटाच्या सरासरीत ०.१३ ला अर्थ आहे, पण समोर बसलेल्या एका मुलीचा गुण ०.२५ ने सुधारला म्हणून औषध कमी करणं हे वाऱ्यावर हिशेब मांडणं. अहवालात हा फरक लिहा. बहुतेक जण लिहीत नाहीत.

आणि शून्यांचा ढीग. सीहॅक आखली तेव्हा आजची जैविक औषधं मुलांच्या हाती आलेली नव्हती, त्यांतल्या एटानरसेप्टचा मुलांवरचा मोठा अभ्यास २००० सालचा. आज स्वीडनच्या ओपीडीतल्या पुष्कळ मुलांचा गुण सरळ शून्य येतो. पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त मुलं एका टोकाला साचली तर पट्टीला तळ कमी पडतोय असं समजतात. शून्य असलेल्या मुलांशी पुन्हा बोला. एक तेरा वर्षांचा मुलगा म्हणाला होता, सगळं जमतं, फक्त शाळेत दोन तास सलग लिहिलं की रात्री जेवताना काटा-चमचा धरता येत नाही. प्रश्नावलीत ‘पेनाने लिहिता किंवा गिरवता येतं का’ एवढंच होतं. त्याने दिलेलं उत्तर खरंच होतं.

पालक आणि मूल यांची उत्तरं जुळली नाहीत तर कुणाचं खरं, असं विचारतात. दोघांची वेगळी छापा. सरासरी काढू नका.

शेवटची आवृत्ती

प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्ती क्रमांक आणि तारीख टाका. गुण काढायचे नियम, अर्धवट भरलेल्या फॉर्मचं काय करायचं आणि निर्णयांची वही, हे सगळं मूळ मालकाला आणि तिन्ही केंद्रांना पाठवा. मग एक दिवस काढून स्वतः वॉर्डांत जा आणि टेबलांच्या खणांतल्या मसुद्याच्या झेरॉक्स गोळा करा. ‘नवी आलीय, ती वापरा’ असा ईमेल पुरत नाही. मला ‘कान दू सिक्ला’ असलेली शेवटची प्रत वर्षभराने एका प्लास्टर रूममध्ये सापडली, कात्रीखाली. तिच्या मागच्या बाजूला कुणीतरी चित्र काढलं होतं: सायकल, आणि शेजारी उभी मुलगी.